सेवाप्रणालीचे प्रारूप आणि आटपाडीचे पाणी

बँक, दवाखाना, एस. टी. आणि शाळा यांत सारखे काय आहे? या चारही ठिकाणी आपल्याला मुख्यतः वस्तू मिळत नाही, सेवा मिळते. अशा सेवांचा पद्धतशीर अभ्यास करणारी ‘सेवाविज्ञान’ ही शाखा २००४ च्या सुमारास आकाराला येऊ लागली. आय.बी.एम. कंपनीतील जिम स्पोरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला चालना दिली. व्हार्गो आणि लश या दोन अभ्यासकांनी २००४ मध्येच एक महत्त्वाचा विचार मांडला. तो असा, की मूल्य आधी तयार होऊन मग ग्राहकाकडे पोचते असे नाही. देणारा व घेणारा मिळून ते घडवतात. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. मुलाने डोके चालवले नाही, तर आपले शिकवणे फळ्यावरच राहते.

या शाखेत सेवाप्रणालीचे प्रारूप मांडतात ते असे: माणसे, तंत्रज्ञान, संस्था आणि माहिती हे घटक, त्यांना जोडणारे देवाणघेवाणीचे बाण. चित्र सुटसुटीत आहे व उपयोगीही आहे. पण कोणतेही प्रारूप पारखायचे तर ते अवघड जागी लावून पाहावे. आपण ते आटपाडीला लावू.

सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका माणदेशात, पर्जन्यछायेत येतो. टेंभू उपसा सिंचन योजनेत कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलतात. मध्ये खानापूरचे पठार आहे. त्यामुळे पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवून मग ते आटपाडीकडे सोडावे लागते. चौकटी सहज काढता येतील: पाटबंधारे खाते, पंप, कालवा, शेतकरी. एकीकडून पाणी जाते, दुसरीकडून पाणीपट्टी येते.

आता थोडे गणित करू. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलोग्रॅम. ते, समजा, ३०० मीटर उचलायचे. लागणारी ऊर्जा १००० × ९.८ × ३०० = २९.४ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे ०.८२ युनिट वीज. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे १.१७ युनिट. म्हणजे १००० घनमीटरला जवळपास ११७० युनिट. हे बिल कोणी, किती भरायचे हा प्रश्न प्रणालीच्या गाभ्याचा आहे. बिल थकले की पंप थांबतात आणि मग नियमित पाणीपट्टी भरणाऱ्याचेही पीक वाळते. एक बाण तुटला तर बाकीच्यांचे काय होते, हे ते सुटसुटीत चित्र सांगत नाही. ही पहिली उणीव.

दुसरी उणीव काळाची. सेवा साठवता येत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पाण्याचे आवर्तन ठरावीक दिवशीच येते हे खरे. पण ज्याच्याकडे शेततळे आहे तो ते साठवतो. ज्याच्याकडे नाही, त्याने पाणी येईल तेव्हा दारे धरायचे. एकाच आवर्तनाचे मूल्य दोघांना वेगळे मिळते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर वाटते. चित्रात घेणारा म्हणून कोणाला काढायचे? सिंचन योजना लाभक्षेत्र हेक्टरांत मोजते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो ‘घेणारा’ ठरतच नाही. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासह दुष्काळी तालुक्यांतील असंख्य शेतकऱ्यांनी मिळून तिथे समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढे नेली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नको, कुटुंबाला द्या. भूमिहीनालाही वाटा हवा. भूमिहीनाने पाण्याचे काय करायचे? आपले पाणी आणि दुसऱ्याची जमीन एकत्र करून वाट्याने पीक घेता येते. मग तो नुसता मजूर राहत नाही, भागीदार होतो. आमच्या दृष्टीने ही मागणी म्हणजे प्रारूपाचीच दुरुस्ती होती. तिच्यात मोजण्याचे एकक बदलले.

सेवाविज्ञानाच्या मांडणीत दोन्ही बाजू आपापला फायदा पाहून व्यवहारात येतात, पटले नाही तर बाहेर पडतात, असे बहुधा गृहीत असते. पण आटपाडीच्या शेतकऱ्याला दुसरा कालवा कुठून मिळणार? ‘दोघे मिळून मूल्य घडवतात’ हे विधान तिथेही खरेच आहे. पण दोघांच्या ताकदीत फरक किती, याला त्या चित्रात जागा नाही. म्हणून प्रारूप फेकून द्यावे असे नाही. त्यात दोन रकाने वाढवावेत: कोण बाहेर राहिले, आणि हे कोणी ठरवले.

वर्गात हे करून पाहता येईल. गावची नळयोजना, रेशन दुकान किंवा एस. टी. घ्यावी. मुलांनी आधी चौकटी आणि बाण काढावेत. मग गावात फिरून, आपल्या चित्रात न आलेली घरे शोधून यावीत. आणि चित्र पुन्हा काढताना खोडरबर वापरू नये; पहिले चित्र शेजारीच राहू द्यावे.