‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणि रक्तातील आकडे : एक चिकित्सा

मराठीतील रोगानुभवपर आत्मकथनांचा विचार करताना डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (राजहंस प्रकाशन, २०००) या पुस्तकाची दखल घेणे क्रमप्राप्त ठरते. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणारा डॉक्टर वयाच्या ४४व्या वर्षी स्वतःच हृदयरोगी होतो, अँजिओप्लास्टीला सामोरा जातो आणि रोगाची मुळे आपल्याच जगण्यात शोधू लागतो, हा या लेखनाचा गाभा होय. निवेदक येथे वैद्यही आहे आणि रुग्णही. तपासणीच्या अहवालात वैद्य शक्यता पाहतो, रुग्ण मात्र निकाल शोधतो. पुस्तकाचे खरे सामर्थ्य या ताणात आहे. आहार-योग-ध्यान यांच्या उपदेशपर भागात ते तितके जाणवत नाही.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर आकड्यांचे शास्त्र बरेच पुढे गेले. कोलेस्टेरॉलच्या जोडीला दाहाचा निदर्शक असलेले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आले. २००३ मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प आणि ३ पेक्षा अधिक म्हणजे मोठा धोका, अशी विभागणी सुचविली. स्टेंटने अरुंद झालेली एक जागा मोकळी होते. उर्वरित धमन्यांतील रोग तसाच राहतो. म्हणूनच नंतरच्या रक्ततपासणीला महत्त्व आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाच्या एका मात्रेने पुढील हृदयघटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र प्राणघातक जंतुसंसर्गही वाढला. दाह हा केवळ साक्षीदार नसून काही अंशी गुन्हेगारही आहे, एवढे त्यातून दिसून आले.

तथापि असा आकडा समूहाविषयी बोलतो, समोर बसलेल्या एका रुग्णाविषयी नव्हे. साधा ताप वा पिकलेली जखमही सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढविते. यवतमाळसह विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशींचे आयुष्य घटते. त्यामुळे मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. स्टेंटनंतर मधुमेह हाच मोठा धोका असताना ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. अन्यत्र ठरलेल्या सीमारेषा येथे जशाच्या तशा लावणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

या पार्श्वभूमीवर शीर्षकातील ‘माझा’ हा शब्द तपासून पाहावा लागतो. रोगाची जबाबदारी स्वतःकडे घेण्यात नैतिक उंची निश्चितच आहे. परंतु हीच दृष्टी कोरडवाहू कापूसउत्पादकाला लावली, तर तिचे रूपांतर दोषारोपात होण्याचा धोका संभवतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधवेष्टित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, हे योग्यच झाले. पण त्यानंतरच्या औषधांचा आणि फेरतपासण्यांचा भार आयुष्यभराचा असतो, आणि प्रयोगशाळेत जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. ज्याला दुसऱ्या तपासणीला येणेच जमत नाही, त्याच्यासाठी पहिल्या तपासणीतला आकडा भाकीत ठरत नाही, नुसती नोंद ठरते. आत्मशोधाला लागणारी सवड ही स्वतःच एक सामाजिक सुविधा आहे, याची जाणीव सार्वजनिक आरोग्यात आयुष्य घालविलेल्या लेखकाकडून अधिक ठळकपणे अपेक्षित होती.