मुखवटे विकत मिळतात, गर्दी मिळत नाही

सोयगावला शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्यात बोलण्याचा योग आला होता. विषय होता ‘इंटरनेट कसे चालते’. बोलणे संपल्यावर अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, प्रॉक्सी लावली आणि ओळख लपवणारा ब्राउझर घेतला, तर आपण कोण ते कुणालाच कळत नाही ना?” आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक गुरुजी म्हणाले, “प्रॉक्सी म्हटलं की आम्हाला हजेरीच आठवते!” सगळे हसले आणि प्रश्न मागे पडला. परतीच्या प्रवासात मात्र आम्हाला जाणवले, की अर्धे उत्तर गुरुजींच्या त्या विनोदातच होते. उरलेले अर्धे येथे मांडत आहोत.

हजेरीतली प्रॉक्सी

गैरहजर मुलाच्या वतीने त्याचा मित्र ‘हजर, सर’ म्हणतो. सर फसतात, पण मित्र फसत नाही. कोण गैरहजर आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. इंटरनेटवरची प्रॉक्सी हेच काम करते.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपली मागणी लहान लहान पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर परतीचा पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, असावाच लागतो. नाहीतर उत्तर परत येणार कोठे? प्रॉक्सी म्हणजे मध्ये बसलेला संगणक. तो आपले पाकीट घेतो, त्यावर स्वतःचा पत्ता घालतो आणि पुढे पाठवतो. संकेतस्थळाला मधल्या संगणकाचा पत्ता दिसतो. मधल्या संगणकाला मात्र आपला पत्ताही दिसतो आणि आपण कोठे चाललो आहोत हेही. म्हणजे आपली ओळख नाहीशी झाली नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हाती गेली. हा दुसरा कोण आहे, तो नोंदी ठेवतो का, आणि फुकट सेवा देत असेल तर त्याचा खर्च कशातून निघतो, हे प्रश्न जाहिरातीत नसतात. भारतात तर 2022 साली सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी 5 वर्षे जपण्याचा आदेश दिला. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर बंद केले.

पत्ता एकाचा, अपराध दुसऱ्याचा

आयपी क्रमांक हा जोडणीचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर त्या क्षणी कोण बसले होते, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. या फरकाची किंमत एका तरुणाने फार मोठी मोजली आहे. 2007 साली ऑर्कुट या तेव्हाच्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी क्रमांकावरून माग काढला आणि बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. दूरसंचार कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. तो क्रमांक त्याचा नव्हताच. सुटका होईपर्यंत तो सुमारे 50 दिवस तुरुंगात होता.

ही चूक नोंदी जुळवताना झाली होती. आज तसाच प्रसंग जाणूनबुजून घडवता येतो, कारण ‘निवासी प्रॉक्सी’ नावाचा माल बाजारात विकला जातो. प्रॉक्सी कंपनीच्या संगणकाचा पत्ता संकेतस्थळे चटकन ओळखतात. म्हणून सामान्य घरातल्या जोडणीचा पत्ता भाड्याने दिला जातो. आता हे घर कोणाचे? काही ठिकाणी घरमालकाने मोबदला घेऊन संमती दिलेली असते. अनेकदा त्याला पत्ताच नसतो. त्याने एखादे फुकट ॲप घेतलेले असते आणि त्यातून त्याची जोडणी परक्याला खुली झालेली असते. मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘911 एस5’ नावाचे असे एक जाळे मोडून काढले. त्यात जगभरातले 1 कोटी 90 लाखांहून अधिक आयपी क्रमांक गुंतले होते. लोकांच्या संगणकांत ते शिरले, त्याच्या वाटांपैकी एक होती फुकट व्हीपीएन. निनावी होण्यासाठी आलेला माणूसच दुसऱ्या कुणाचा तरी मुखवटा होऊन बसला!

विद्यार्थ्याच्या प्रश्नातली सर्वांत गंभीर बाब आम्हाला हीच वाटते. भाड्याच्या पत्त्याआड लपून कोणी फसवणूक केली, तर पोलीस पहिल्यांदा ज्या दारावर येतील, ते दार त्या पत्त्याच्या खऱ्या धन्याचे असेल. तो फर्दापूरचा चहावालाही असू शकतो.

33 प्रश्नांचा खेळ

समजा, पत्ता लपला. पुढे काय? वर्गात एक खेळ खेळून पाहावा. एका मुलाने मनात एक व्यक्ती धरायची आणि बाकीच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तराचे प्रश्न विचारायचे. प्रश्न चांगला असेल तर प्रत्येक उत्तरागणिक शक्यता निम्म्या होतात. 10 प्रश्नांत 1,024 पैकी एक व्यक्ती निघते. 33 प्रश्नांत सुमारे 859 कोटींपैकी एक निघते, आणि जगाची लोकसंख्या त्याहून कमी आहे. म्हणजे पृथ्वीवरचा कोणताही माणूस निवडायला 33 चांगली उत्तरे पुरेत. संगणकशास्त्रात अशा प्रत्येक उत्तराला एक ‘बिट’ माहिती म्हणतात.

आता आपला ब्राउझर न विचारता काय काय सांगतो ते पाहा : भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचे, पडदा किती रुंद, कोणते टंक बसवलेले आहेत. संकेतस्थळ त्याला एक अदृश्य चित्रही काढायला लावू शकते. ते चित्र प्रत्येक यंत्रात किंचित वेगळे उमटते. या सगळ्याचा मिळून ब्राउझरचा ‘ठसा’ बनतो. 2010 साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने 4,70,161 ब्राउझरांचे ठसे तपासले. त्यातले 83.6 टक्के एकमेवाद्वितीय निघाले. एका ठशात किमान 18.1 बिट माहिती होती, म्हणजे सरासरीने सुमारे 2 लाख 86 हजार ब्राउझरांत तसा दुसरा एखादाच सापडावा.

हा आकडा भीती घालण्यासाठी वारंवार दिला जातो, म्हणून त्याचीही चिकित्सा करायला हवी. त्या प्रयोगात लोक आपणहून आले होते, आणि असे लोक बहुधा खासगीपणाबद्दल जागरूक व आपल्या संगणकात फेरफार करणारे असतात. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी एका लोकप्रिय संकेतस्थळावर येणाऱ्या सामान्य लोकांचे 20 लाखांहून अधिक ठसे पाहिले. तेव्हा 33.6 टक्केच एकमेव निघाले, आणि मोबाइलवर हे प्रमाण त्याहूनही कमी होते. कारण उघड आहे. एकाच नमुन्याचे हजारो फोन एकसारखे असतात. म्हणजे ज्याने काहीच केले नाही तो गर्दीत लपला, आणि ज्याने खास काही केले तो उठून दिसला.

मुखवट्यांचे दुकान

याच ठिकाणी ओळख चुकवणारे, म्हणजे ‘अँटी-डिटेक्ट’, ब्राउझर येतात. ते एकाच संगणकावर अनेक बनावट ठसे तयार करतात. दर खात्याला एक मुखवटा आणि जोडीला एक प्रॉक्सी. त्यांच्यावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप शास्त्रीय आहे. ठशाचे भाग सुटे नसतात, ते एकमेकांशी बांधलेले असतात. पत्ता जर्मनीचा, पण घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढचे असेल, तर शोधणाऱ्याला भारत आणि श्रीलंका एवढेच पर्याय उरतात. त्यात देवनागरी टंक सापडला की श्रीलंकाही बहुधा गळते. चांगली साधने एवढी ढोबळ चूक करत नाहीत हे खरे. पण शेकडो गुणधर्मांचे खोटे एकमेकांशी जुळवत राहणे कठीण असते, आणि जिथे ते जुळत नाही, तिथे ती विसंगतीच नवा ठसा होते. खोटी मिशी लावलेला माणूस ओळखू येत नसेल, पण मिशी खोटी आहे हे दिसले की सगळे त्याच्याकडेच पाहतात.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. आपली सर्व खाती, परवलीचे शब्द आणि मुखवटे आपण ज्या एका कंपनीच्या हवाली करतो, तिला आपण सर्वांत जास्त उघडे पडतो. हजेरीतल्या मित्राची गोष्ट येथेही लागू आहे.

तिसरा आक्षेप हेतूचा. ज्याला एकदाच, एका माणसाच्या नात्याने, निर्भयपणे बोलायचे आहे त्याला पन्नास मुखवटे लागत नाहीत. ते लागतात एका माणसाने पन्नास असल्याचे भासवण्यासाठी : खोटे अभिप्राय, खोटी पसंती, एकाच्या नावे अनेक सवलती. जाहिरातींची चाचणी घेणे किंवा अनेक ग्राहकांची खाती सांभाळणे असे काही रास्त उपयोगही आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्याला निनावीपणा म्हणू नये. निनावी माणूस आपले नाव झाकतो. हा माणूस खोटी नावे वाढवतो.

लपायचे तर कोणात?

निनावीपणाचा खरा आधार वेगळाच आहे, आणि निवडणुकीचे काम केलेल्या प्रत्येक शिक्षकाला तो माहीत आहे. मतपत्रिकेवर नाव नसते, पण तेवढ्याने मत गुप्त राहत नाही. सारख्या दिसणाऱ्या शेकडो मतपत्रिकांत ती मिसळते म्हणून ते गुप्त राहते. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळू लागला आणि लहानशा वस्तीने कोणाला मते दिली ते उघड होऊ लागले. म्हणून निवडणूक आयोगाने 2008 साली अनेक यंत्रांची मते एकत्र मोजण्याचा प्रस्ताव मांडला होता. मतदाराचे नाव दोन्ही पद्धतींत झाकलेलेच होते. बदलला तो गर्दीचा आकार.

टॉर ब्राउझर या तत्त्वावर उभा आहे. त्याचे मूळ 1990च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झालेल्या कामात आहे. त्यात पाकीट साधारणतः तीन मध्यस्थांतून जाते आणि कोणत्याही एकाला दोन्ही टोके माहीत नसतात. शिवाय सर्व वापरणाऱ्यांचे ठसे शक्य तितके सारखे दिसावेत, असा त्याचा प्रयत्न असतो. अँटी-डिटेक्ट ब्राउझर प्रत्येकाला वेगळा मुखवटा देतो, टॉर सर्वांना एकच गणवेश देतो.

पण गणवेशालाही वर्ग भरलेला लागतो. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटला नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर कोण वापरत होते, एवढेच पाहिले गेले. असे लोक थोडेच होते, आणि विचारल्यावर त्याने कबुली दिली. हार्वर्डची ही गत, तर सोयगावच्या एखाद्या शाळेच्या वाय-फायवर किती जण टॉर वापरत असतील? बहुधा एकच.

अजिंठ्याचा जॉन स्मिथ

गर्दी लहान असली की साधी माहितीही नाव सांगते. समजा, एका तालुक्यात 1 लाख लोक आहेत. 80 वर्षांच्या जन्मतारखा सुमारे 29,200 आणि स्त्री-पुरुष हे दोन भाग धरले, तर 58,400 कप्पे होतात. एका कप्प्यात सरासरी दोन माणसेसुद्धा येत नाहीत. त्यात गावाचे नाव घातले की बहुतेकदा एकच उरतो. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी 2000 साली अशीच गणना करून दाखवले होते, की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड यांवरून तेथले सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरू शकतात.

सोयगाव तालुक्यातच असलेल्या अजिंठा लेण्यांत याचे जुने उदाहरण आहे. 10 क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर एका इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली आपले नाव कोरले : जॉन स्मिथ. इंग्रजांत याहून सामान्य नाव नसेल; नुसत्या नावावरून तो कधीच सापडला नसता. पण त्याने शेजारी ‘28वे घोडदळ’ आणि ‘28 एप्रिल 1819’ असेही लिहिले. दोन साध्या नोंदींनी हजारो जॉन स्मिथांतून तो वेगळा झाला, आणि चित्र खरवडल्याचा दोष आज 200 वर्षांनीही त्याच्या नावावर आहे.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे?

‘प्रामाणिक माणसाला लपायचे कारणच काय?’ असे मात्र सांगू नये. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती. ज्या 66अ कलमाचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. 24 ऑगस्ट 2017 रोजी याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. गावात विचारता न येणारा आजार, घरातला छळ, वरिष्ठांचा भ्रष्टाचार, यांविषयी बोलणाऱ्याला आडोसा हवाच.

त्या मुलाला आम्ही आता असे उत्तर देऊ : बाळ, ‘कुणालाच कळत नाही’ असे सांगणारे साधन नाही. दर वेळी तीन प्रश्न विचार. मी कोणापासून लपतो आहे? मधला माणूस कोण, आणि त्याला काय दिसते? आणि ज्यांच्यात मी लपतो आहे ते किती, त्यांना ते मान्य आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मला माहीत नाही’ असे असेल, तर ते साधन घेऊ नकोस. 50 दिवस आत राहिलेला तो अभियंता कोणाच्या तरी जागी ‘हजर’ लागला होता, आणि ती हजेरी त्याने स्वतः दिलेली नव्हती.