चार गुणांचं रसग्रहण

भाची दहावीला आहे. मागच्या रविवारी तिने वही पुढे केली. "मामा, रसग्रहण बघून दे ना."

कविता ज. वि. पवारांची, ‘तू झालास मूक समाजाचा नायक’. उत्तर एकदम नीटनेटकं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे तीन परिच्छेद. कवीने बाबासाहेबांचं कार्य प्रभावीपणे मांडलं आहे, भाषा सोपी आणि ओघवती आहे, कविता मनाला भिडते. मी कवीच्या नावावर बोट ठेवलं. "इथे इंदिरा संत लिहिलं तर काय बिघडेल?"

तिने पुन्हा वाचलं. "बाबासाहेबांचं वाक्य सोडलं तर काहीच नाही."

मला ते लागलं, कारण आम्ही छावणीत राहतो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. माझे वडील तिथेच शिकले. ज्या माणसामुळे आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं, त्याच्यावरच्या कवितेबद्दल या मुलीने एकही वाक्य स्वतःचं लिहिलं नव्हतं. सगळी औरंगपुऱ्यातून आणलेल्या गाईडची.

दोष त्या तीन मथळ्यांना देणं सोपं आहे. मीही पूर्वी देत असे. पण ते नसते तर अर्ध्या वर्गाने पान कोरंच सोडलं असतं. मथळे फक्त कुठे बघायचं ते सांगतात. काय दिसलं, ते लिहिणाऱ्यानेच सांगायचं असतं. आपली मुलं मथळ्याखालची जागा भरतात आणि पुढे जातात.

म्हणून आम्ही शीर्षकापाशीच थांबलो. ‘मूकनायक’ हे पाक्षिक बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलं, हे तिला पाठ होतं. मी म्हटलं, "त्या शब्दाचा विग्रह कर." मूकांचा नायक. मग तीच उडाली. "अरे, म्हणजे कवीने शीर्षकात विग्रहच केलाय!" आणि तो करताना मध्ये ‘समाज’ घातला. शिवाय ‘होतास’ नाही, ‘झालास’. नायकपण आयतं मिळालेलं नाही, ते घडलेलं आहे. आता हा मुद्दा आशयात घालायचा की भाषिक वैशिष्ट्यांत? दोन्हीकडे बसतो. भाषेतूनच आशय येत असेल तर मथळ्यांमधल्या रेघा पुसट होणारच.

मग सूर्यफुलं. कवितेत ती पाठ फिरवतात. "पण सूर्यफूल सूर्याकडेच बघतं ना?" तिने विचारलं. खरं तर परिच्छेदाची सुरुवात इथून व्हायला हवी, जिथे काहीतरी खटकतं तिथून. निसर्गानेच नियम मोडावा इतकी वाट उलटी होती, हा झाला दावा. सूर्यफुलं हा त्याचा पुरावा. आणि शेवटाकडे तीच फुलं त्याचा ध्यास घेतात, तेव्हा त्या प्रतिमेचं काय होतं, हे सांगणं म्हणजे स्पष्टीकरण. गाईडमध्ये ‘प्रतिमांचा सुंदर वापर’ एवढंच आहे. कुठली प्रतिमा, कशासाठी, याचा पत्ता नाही.

‘सुंदर’ या शब्दाचं तर मला हसूच आलं. साहित्य फक्त सौंदर्याने आणि आनंदाने मोजायचं का, यावर दलित साहित्याने केवढा वाद घातला! शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिलं ते याच प्रश्नापायी. याच शहरातून गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ काढत. आणि चवदार तळ्याचा उल्लेख असलेल्या कवितेखाली आम्ही दोन वेळा ‘सौंदर्य’ हा मथळा लिहितो. पाणी पिण्याच्या हक्कासाठी माणसं महाडला गेली, त्यात ‘सुंदर’ काय शोधायचं? पंधरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडला तर तो उत्तरात लिहिण्याची मुभा असायला हवी.

तिने तासाभरात नवा परिच्छेद लिहिला. सात ओळी, दोन खाडाखोडी, एक शुद्धलेखनाची चूक. सुरुवात होती, "शीर्षकातच कवीने एका वर्तमानपत्राचं नाव उघडून दाखवलं आहे."

मला आवडलं. पण तिने लगेच विचारलं, "मामा, मार्क कापतील का?"

मी गप्प.

"सरांना दाखवते आधी," म्हणाली, आणि जुनं पान न फाडता वही दप्तरात ठेवली.