शेरखान लंगडत का नाही?

मराठीत समीक्षेला काही तोटा नाही. कवितेवर समीक्षा आहे, नाटकावर आहे, समीक्षेवर तर फारच आहे. पण कार्टूनवर कुणी गंभीरपणे चार ओळी खरडल्या, असं सहसा दिसत नाही. त्याचं एक कारण असं, की आमच्याकडे 'कार्टून' हा शब्द कलाप्रकाराला कमी आणि शेजाऱ्याला जास्त वापरतात. "तो ना, एक नंबरचा कार्टून आहे!" एवढं म्हटलं की त्या गृहस्थाची समीक्षा संपते. दुसरं कारण वयाचं. साठी उलटलेला माणूस नातवंडांबरोबर कार्टून पाहत बसला, तर लोक त्याला प्रेमळ आजोबा म्हणतात. नातवंडं उठून गेल्यावरही तो तिथंच बसून राहिला, तर घरची मंडळी स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात बोलू लागतात. मी हा दुसरा आजोबा.

तर आजचा विषय मोगली. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार निव्वळ भौगोलिक आहे. मी राहतो वाडीला. अमरावती रोडनं नागपूर संपलं, संपलं म्हणता म्हणता जे लागतं आणि तरीही नागपूर संपत नाही, ती वाडी. एका अंगाला आयुध निर्माणी, दुसऱ्या अंगाला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, आणि उरलेल्या जागेत ट्रक. किपलिंगसाहेबांच्या मोगलीचं गाव म्हणजे शिवनी. नागपूरहून जबलपूर रोडनं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लंडनच्या समीक्षकाला मोगली ही एक कल्पना असेल. मला तो वरच्या रस्त्यावरचा पोरगा आहे. शेजाऱ्याच्या पोराबद्दल बोलायला का पदवी लागते?

गंमत अशी, की या पोराला जन्म देणाऱ्यानं शिवनी पाहिलेलीच नव्हती. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, लाहोर आणि अलाहाबादच्या वर्तमानपत्रांत राबला, पण शिवनीला काही गेला नाही. स्टर्नडेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं सातपुड्यातल्या मुक्कामांवर एक पुस्तक लिहिलं होतं, त्याचा त्याला आधार होता. आणि 'जंगल बुक' लिहिलं कुठं बसून? अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, जिथं हिवाळ्यात दारापुढचं बर्फ फावड्यानं ओढावं लागतं. पुस्तक निघालं १८९४ साली, दुसरा भाग १८९५ साली. पुढं १९६७ साली कॅलिफोर्नियात डिस्नेच्या लोकांनी त्याचा कार्टूनपट काढला. मग १९८९ साली जपानमध्ये त्याची बावन्न भागांची मालिका निघाली. तिला मुंबईत हिंदी आवाज मिळाले, आणि १९९३ साली ती दूरदर्शनवर आली. म्हणजे शिवनीहून वाडीला यायला ट्रकला जिथं तीन-चार तास लागतात, तिथं मोगली शंभर वर्षं घेऊन आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून पोचला. आमच्या भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनीसुद्धा मालाला एवढा उशीर कधी केलेला नाही.

पोचला तोही धड नाही. नागपुरात दूरदर्शन आलं १९८२ साली, पण आमच्या अँटेनाला ते पटायला बरीच वर्षं लागली. रविवारी सकाळी पोरगा गच्चीवर, मी खिडकीत आणि बायको टीव्हीपुढं, अशी साखळी असे.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"आला मोगली. पण दोन-दोन आले!"

दोन तर दोन. आम्ही त्यातला जरा गडद असेल तो खरा मानून बघत असू. डिस्नेचा मोगली मात्र पाहिला भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी. शेरखानचा रंग नागपुरी संत्र्यासारखा असायला हवा, तो पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी दिसत होता. आता तसं काही नाही. फोनवर दोन बोटं फिरवली, की पाहिजे तो मोगली पाहिजे त्या रंगात हजर. सापडणं सोपं झालं. पण पाहून झाल्यावर ज्याच्याशी तावातावानं भांडावं असा माणूस काही फोनमध्ये सापडत नाही. त्यासाठी मला कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जावं लागतं.

पानठेला म्हणजे आमचं समीक्षापीठ. तिथं एक ड्रायव्हर येतात. जबलपूर लाईनवर पंचवीस वर्षं गाडी चालवतात. दुसरा सभासद म्हणजे शेजारच्या गोदामात हमाली करणारा विशीतला पोरगा. जेवायच्या सुट्टीत तो फोनवर कार्टून बघत असतो. मी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावरून डोकावलो, तेव्हा त्यानं घाईघाईनं फोन खिशात घातला. मला वाटलं, भलतंच काही पाहत असेल. निघाला मोगली! त्या दिवसापासून आमची गट्टी आहे.

पहिल्या बैठकीत मी अर्थातच विद्वत्ता पाजळली. म्हटलं, दोन्ही कार्टूनवाल्यांना भूगोलाची मारामार आहे. डिस्नेनं माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान आणून बसवला. तो राहतो सुमात्रा-बोर्निओत. मूळ पुस्तकात तर माकडांना राजाच नाही, आणि तीच त्यांची टवाळी आहे. जपान्यांनी मोगलीला किची नावाचा लाल पांडा सोबती दिला. लाल पांडा हिमालयातला, थंड हवेतला. त्याला नागपूरकडच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता आणून सोडलं, तर तो पहिली हाक डॉक्टरला मारील.

ड्रायव्हरसाहेबांनी शांतपणे चुना चोळला. "भाऊ, ते सोडा. जनावर बोलते हे तुम्ही मान्य केलं, मंग ते कुठून आलं ह्याची चौकशी कायले करता?"

याला म्हणतात समीक्षा! कार्टूनमध्ये 'खरं' शोधायचं ते नकाशात नव्हे. मग कुठं? त्याचंही उत्तर त्यांनीच दिलं. मी त्यांना सांगितलं, की पुस्तकातला शेरखान जन्मापासून एका पायानं लंगडा आहे. त्याची आईच त्याला 'लंगडी' म्हणते, आणि म्हणूनच तो फक्त गुरं मारतो.

"हाव ना," ते एकदम म्हणाले. "लंगड्या वाघाले हरीण सापडत नाही. मंग तो गावाजवळ येते, ढोरं धरते. नाहीतर माणूस धरते. लिहिणारा पक्का दिसून राहिला."

शिवनी न पाहिलेल्या किपलिंगला शिवनी रोडच्या ड्रायव्हरनं दिलेलं हे प्रशस्तिपत्र मला फार मोलाचं वाटतं. कारण त्यात अख्ख्या वादाची किल्ली आहे. त्या एका पायामुळं शेरखानला भूक आहे, लाज आहे, गावकऱ्यांचा राग आहे, आणि माणसाच्या पोराबद्दल वैर आहे. डिस्नेचा शेरखान लंगडत नाही. तो मोठ्या रुबाबात येतो, तोही सिनेमा बराचसा संपल्यावर. जॉर्ज सँडर्सच्या तलम आवाजात बोलतो, बोलताना नखं निरखतो. असा वाघ क्लबात पत्ते खेळायला आल्यासारखा वाटतो. त्याचं पोट भरलेलं आहे. मग तो मोगलीच्या मागं कशाला लागला? नुसता तत्त्वाखातर?

आता डिस्नेवाल्यांच्या हाताला मात्र नाव ठेवायला जागा नाही. त्यांचा भालू झाडाला पाठ घासतो, तेव्हा आपल्या पाठीला खाज सुटते. प्रत्येक पावलाला वजन आहे. १९६०च्या सुमारापासून ते चित्रकाराच्या पेन्सिलीची रेघ झेरॉक्सच्या तंत्रानं थेट सेल्युलॉइडवर उतरवीत, म्हणून बगिराच्या अंगावर अजून ती खरखरीत रेघ दिसते. तो नाच तर त्यांना स्वतःलाच इतका आवडला, की १९७३च्या 'रॉबिन हूड'मध्ये त्याच हालचाली पुन्हा वापरल्या. आमच्याकडं मोठ्याचा स्वेटर धाकट्याला घालतात, तसं. पण वॉल्ट डिस्नेनं आपल्या माणसांना आधीच बजावलं होतं म्हणतात, की मूळ पुस्तक वाचू नका. आज्ञाधारक माणसं, त्यांनी वाचलं नाही. त्यामुळं मोगलीला धडे देणारा कडक मास्तर भालू ऐदी निघाला, आणि मोगलीला माकडांपासून सोडवणारा अजगर का त्यालाच गिळायला बसला. डिस्ने १९६६च्या डिसेंबरात वारला. सिनेमा लागलेला त्यानं पाहिला नाही.

जपानी मालिकेचं उलटं. बजेट टीव्हीचं, चित्रं कमी. पात्र बोलताना पुष्कळदा फक्त ओठ हलतात, बाकी देह फोटोला बसल्यासारखा. पण तिथं भालू पुन्हा मास्तर आहे, का पुन्हा शहाणा मित्र आहे, आणि बावन्न रविवार हाताशी असल्यामुळं जंगलाला ऋतू आहेत. आपल्याकडच्या हिंदी आवाजांनी त्यात भर घातली. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी केलेलं शीर्षकगीत तेव्हाच्या पोरांना अजून पाठ आहे. आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा! आमच्या मुरुड-जंजिऱ्याचा माणूस शिवनीच्या वाघाच्या तोंडून असा बोलला, की त्या आवाजालाच कुठंतरी दुखतंय असं वाटे. चित्रात नसली तरी लंगड आवाजात होती. म्हणून माझं मत जपान्यांना. चित्र कमी हललं तरी चालतं, आत काहीतरी हलावं लागतं.

एवढ्यावर मी निकाल देऊन मोकळा झालो असतो. पण गोदामातला पोरगा म्हणाला, "काका, पण मोगली शेवटी जाते कुठं?"

डिस्नेकडं याचं उत्तर तयार आहे. पाणी भरायला आलेली एक मुलगी गोड गाते, वळून बघते, आणि पठ्ठ्या तिच्या मागोमाग गावात. संपलं. पुस्तकात एवढं स्वस्तात काम होत नाही. लांडग्यांची टोळी मोगलीला हाकलते, कारण तो माणूस. मग तो गावात येऊन म्हशी राखतो. राम नावाचा एक दांडगा रेडा त्याच्या हाताशी असतो (आपल्याकडं रेड्याच्या तोंडी वेद आले, इथं रेड्याच्या नशिबी राम आला), आणि वैनगंगेच्या काठच्या घळीत दोन्ही बाजूंनी म्हशी घालून तो शेरखानला तुडवून मारतो. त्यावर गाव काय करतं? त्याला दगड मारून हाकलतं, कारण तो लांडगा!

मी हे सांगत होतो, तेव्हा पोरगा मध्येच म्हणाला, "वैनगंगा? ते त माह्या गावची नदी हाये."

भंडाऱ्याकडचा तो. त्याचं गाव मात्र आता नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलं. ज्या नव्या वस्तीत घर मिळालं, तिथले लोक त्यांना अजून 'धरणवाले' म्हणतात. आणि वाडीत, जिथं निम्म्याहून अधिक माणसं बाहेरून येऊन राहिलेली आहेत, तिथं तो 'भंडाऱ्याचा'. तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. "मंग मोगलीचं बरोबर हाये," एवढंच म्हणाला, आणि पोतं उचलायला गेला. ड्रायव्हरसाहेब बराच वेळ चुना चोळत राहिले.

त्या दिवसापासून, कार्टून मुलांसाठी असतं म्हणून त्यातलं दुःख पुसून द्यावं, हे मला कुणी पटवू शकणार नाही. गोड मुलीमागं जाणारा मोगली सगळ्यांना आवडतो. पण दोन्हीकडून हाकललेला मोगली ज्याच्या उपयोगी पडतो, असा एक तरी प्रेक्षक माझ्या ओळखीचा आहे.

मग प्रश्न पडतो, की आपला मोगली आपण का काढला नाही? हात नव्हते म्हणावं, तर तसं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच 'आगकाड्यांची मौज'मध्ये आगकाड्या नाचवल्या. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडचे क्लेअर वीक्स येऊन शिकवून गेले, आणि १९५७ साली जातककथेतल्या हरणावर 'बनियन डिअर' निघाला. विजया मुळे यांचा १९७४चा 'एक अनेक और एकता' तर जाळ्यासकट उडणाऱ्या पाखरांसह आमच्या पिढीच्या घरात राहून गेला. त्यात वजन होतं, जीव होता. मोगलीच्या जंगलासाठी मात्र आपण वाट पाहिली ती कॅलिफोर्नियाची आणि टोकियोची. इकडं पेंचमधून जाणाऱ्या शिवनी रोडखाली जनावरांसाठी वाटा ठेवल्यात. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ रस्त्याखालून जाताना टिपले गेलेत. वर ट्रक, खाली वाघ. यापेक्षा चांगलं पहिलं दृश्य कोण देणार?

मागच्या आठवड्यात पोरगा एक जुनं बिल्टीबुक घेऊन ठेल्यावर आला. पानांच्या कोपऱ्यात त्यानं बॉलपेननं वाघ काढला होता, पानागणिक एक. अंगठ्यानं पानं सर्रकन सोडली, की वाघ चालायचा. पुढचा उजवा पाय जरा उचललेला, मग टेकला, मग पुन्हा उचलला. चांगला लंगडत होता. ड्रायव्हरसाहेबांनी तीनदा बघितला, चौथ्यांदा मागून घेतला.

मी समीक्षक पडलो. म्हटलं, अकराव्या पानावर शेपूट राहिली आहे.

"जेवायची सुट्टी संपली होती काका," तो म्हणाला. "उद्या लावतो."