क्षीर, आम आणि धारोष्ण : एका समजुतीचें परीक्षण

आपल्याकडील जुने वैद्य रोग्यास कच्च्या दुधावर ठेवून जुनाट रोग बरे करीत असत, असें विधान अलीकडे वारंवार वाचण्यांत येतें. आरोग्यविषयक चोपड्यांतून तें आलें असतें तर त्याची दखल घेण्याचें या त्रैमासिकास कारण नव्हतें. परंतु आतां तें हस्तलिखितांच्या वर्णनांतही शिरूं लागलें आहे. जालना जिल्ह्यांतील एका घराण्याच्या वैद्यकी बाडाची विषयवार यादी मध्यंतरीं आमच्याकडे तपासण्यास आली. तींत एका पानापुढें 'जलोदरावर कच्च्या दुधाचा प्रयोग' अशी नोंद होती. मूळ पान काढून पाहिलें, तों त्यावर मोडींत 'दूध' एवढेंच होतें. 'कच्चें' हें यादी करणाराच्या पदरचें. ही एका शब्दाची भर क्षुल्लक नाहीं. उद्यां कोणी त्या यादीच्या आधारानें निबंध लिहील, परवां कोणी तो निबंध वाचून आपल्या घरच्या रोग्यास तसें दूध पाजील, आणि दोघांच्याही पाठीशीं जुन्या पोथीचा आधार असल्याचा भास होईल. म्हणून या समजुतीची परीक्षा मूळ ग्रंथ पुढें ठेवून करणें आम्हांस अवश्य वाटलें.

प्रथम साक्ष कोणाची घ्यावी? आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून झाला. परंतु हा मुलूख पूर्वीं देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखालचा. महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. निर्णयसागर छापखान्यानें १९३९ सालीं हरिशास्त्री पराडकर यांनीं संपादिलेली जी आवृत्ति काढली, तींत अरुणदत्ताच्या 'सर्वांगसुंदरे'बरोबर ही टीकाही छापली आहे. तेव्हां या प्रांतांतील वैद्यकी बाडांचा अर्थ लावतांना वाग्भट हा परका साक्षीदार नव्हे. प्रारंभ त्याच्यापासून करणेंच योग्य.

सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत वाग्भट दुधाच्या चार अवस्था वेगळ्या करतो. आम, म्हणजे न तापविलेलें दूध, हें त्याच्या मतें गुरु व अभिष्यंदि. म्हणजे पचण्यास जड व शरीरांतील स्रोतसांत क्लेद वाढवून तीं रोधणारें. युक्तीनें तापविलेलें, तें शृत. तें याच्या उलट गुणांचें. फार आटविलेलें अधिकच जड. आणि धारोष्ण, म्हणजे सडांतून निघतांना असलेली ऊब निवण्यापूर्वींचें, तें मात्र अमृततुल्य. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसाव्या अध्यायाचाही निर्णय हाच. तो एक अपवाद अधिक सांगतो, कीं स्त्रीचें स्तन्य तेवढें आमच हितकर. आज आपण 'कच्चें' या एका शब्दांत जें एकत्र करतों, त्याचे शास्त्रकारांनीं असे दोन भाग केले, व एकाची निंदा आणि दुसऱ्याची स्तुति केली. स्तुतीचें वचन उचलून निंदिलेल्या पदार्थास लावणें, हा या समजुतीचा पहिला दोष होय. पहांटे काढलेलें दूध न तापवितां दुपारीं पिणारा मनुष्य धारोष्ण पीत नाहीं. तो आम पीत असतो.

शिवाय धारोष्णाची स्तुतिही सर्व पशूंच्या दुधास सारखी लागू नाहीं. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें हा भेद स्पष्ट केला आहे. गाईचें दूध धारोष्ण घ्यावें. म्हशीचें काढल्यावर निवूं द्यावें. मेंढीचें तापवून ऊन असतांना घ्यावें. आणि शेळीचें तापवून थंड करून घ्यावें. जालन्याकडील कोरडवाहू गांवांत दूध म्हणजे गाईचेंच असा नियम नाहीं. म्हैस व शेळी हींही दारीं असतात. त्यांत शोष म्हणजे क्षयरोगावर सुश्रुत शेळीचेंच दूध विशेष सांगतो, व कारण असें देतो कीं ती अल्पकाय, तिखट व कडू पाला खाणारी, थोडें पाणी पिणारी व सतत हिंडणारी असते. तेव्हां बाडांत क्षयाच्या प्रयोगापुढें नुसतें 'दूध' असेल, तर तें शेळीचें असण्याचा संभव मोठा. आणि शेळीचें असल्यास भावमिश्राच्या नियमानें तें तापविलेलें.

दुसरा दोष याहून मोठा आहे. केवळ दुधावर राहणें आणि दूध कच्चें पिणें या दोन स्वतंत्र गोष्टी असतां त्या एकच धरल्या जातात. केवळ दुधावर राहण्याचा उपचार आपल्याकडे होता यांत शंका नाहीं. चरकाच्या चिकित्सास्थानांतील तेराव्या अध्यायांत जलोदराचें पाणी काढल्यावर प्रथम लंघन, मग स्नेह व लवण यांवांचून पेया, आणि त्यापुढें सहा महिने 'क्षीरवृत्ति' सांगितली आहे. नंतर तीन महिने दुधाबरोबर पेया व शेवटचे तीन महिने श्यामाक किंवा कोद्रव दुधाशीं, असा हा एक वर्षाचा क्रम. सुश्रुताचा क्रमही वर्षाचाच. मात्र पहिल्या सहा महिन्यांत तो दुधाऐवजीं जांगल मांसरसाचीही मोकळीक देतो. या विधानांत दूध आम असावें असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. जो ग्रंथकार आम दुधास अभिष्यंदि म्हणतो, तो ज्या रोगांत स्रोतसें आधींच रुद्ध झालीं आहेत त्यांत तेंच सहा महिने पाजावयास सांगेल, हा तर्कही टिकणारा नाहीं.

जुनाट ज्वराचें उदाहरण असेंच आहे. चरक तिसऱ्या अध्यायांत सर्व जीर्णज्वरांवर दूध हें उत्तम शामक म्हणतो. पण ऊन अथवा थंड, कसेंही प्यावयाचें असो, तें त्या त्या दोषास योग्य अशा औषधांनीं सिद्ध केलेलें असावें, ही अट तेथेंच आहे. नव्या ज्वरांत मात्र हेंच दूध विषासारखें, असें सुश्रुताचें मत. औषधसिद्ध दुधाची, म्हणजे क्षीरपाकाची, परिभाषा आपल्या वैद्यांच्या तोंडपाठ असे : औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी दुधाच्या चौपट म्हणजे बत्तीस भाग, व पाणी आटून दूध उरेपर्यंत पाक. बाडांतील 'अमक्या मुळीचें दूध' या नोंदी बहुधा या पाकाच्या असतात. वर्धमान पिप्पलीच्या रसायनांत रोज दहा पिंपळ्या वाढवीत दहा दिवस जावयाचें व तसेंच उतरावयाचें असतें. तेथें औषध पिंपळी, दूध तिचें अनुपान. त्यास कच्च्या दुधाचा प्रयोग म्हणणें म्हणजे पालखीस देव म्हणणें होय.

येथें प्रतिपक्षाचें एक म्हणणें आम्ही प्रामाणिकपणें पुढें ठेवतों. चरकानें त्याच ज्वरप्रकरणांत वातपित्तज्वरावर धारोष्ण दूधही सांगितलें आहे. तेव्हां न तापविलेलें दूध जुन्या चिकित्सेंत कधींच नव्हतें असें म्हणतां येत नाहीं, व आम्ही तसें म्हणत नाहीं. परंतु तो विशिष्ट ज्वरावरील, एका विशिष्ट अवस्थेंतील दुधाचा प्रयोग आहे. त्यावरून 'जुनाट रोगांवर कच्च्या दुधाचा आहार' हा सामान्य सिद्धांत निघत नाहीं.

मग हा सिद्धांत आला कोठून? आमच्या मतें तो पश्चिमेकडून आला व येथें आल्यावर त्यास संस्कृत नांव मिळालें. रशियाच्या झारचा वैद्य फिलिप कारेल यानें १८६५ च्या सुमारास आपला दुग्धोपचार प्रसिद्ध केला. त्यांत साय काढलेलें दूध थोडें थोडें, ठराविक वेळीं देत. पुढें कारेलच्या नांवानें जो आहार रूढ झाला, तो दिवसास ८०० मिलिलिटर दुधाचा, व मुख्यतः सूज आलेल्या हृद्रोग्यांसाठीं. अमेरिकेंत चार्ल्स सॅनफर्ड पोर्टर यानें १९०५ च्या आपल्या पुस्तकांत दुग्धाहार हा जुनाट रोगांवरील उपाय म्हणून मांडला, व दूध न तापविलेलें असावें असा आग्रह धरला. 'जुनाट रोग' व 'कच्चें दूध' यांची जोड अशी तेथें स्पष्ट दिसते; चरकांत किंवा वाग्भटांत ती दिसत नाहीं.

कारेल व चरक यांचें साम्य मात्र विचार करण्यासारखें आहे. दोघांचाही रोगी अंगांत पाणी धरणारा. ८०० मिलिलिटर दुधांत मिठाच्या हिशेबानें सुमारें एकच ग्रॅम क्षार येतो, आणि मीठ तुटलें कीं धरलेलें पाणी सुटण्यास साह्य होतें, हें आजचें वैद्यक सांगतें. चरकाची पहिली पेयाही अलवणच. म्हणजे या उपचारांत जो गुण होता, तो मिताहारानें व मीठ तोडल्यानें येण्याचा संभव आहे. दूध तापविल्यानें तो जाण्याचें कारण नाहीं. उलट न तापविल्यानें काय होतें, हेंही आतां अज्ञात नाहीं. माल्टा बेटावरील दीर्घज्वराचें मूळ शेळ्यांत आहे, हें १९०५ सालीं थेमिस्टोक्लिस झामित यानें दाखविलें, व तो ज्वर शेळीच्या कच्च्या दुधांतून येतो असें ठरलें. गुरांचा क्षय दुधावाटे मनुष्यास होऊं शकतो, असा निर्णय इंग्लंडच्या राजनियुक्त मंडळानें १९११ सालीं दिला. भावमिश्रास हे जंतु ठाऊक होते असें म्हणण्याचा मोह कोणी धरूं नये. तोही 'कच्चें' शब्दाच्या भरीसारखाच पदरचा मजकूर होईल. त्याचा नियम त्याच्या गुणविचारांतून आला; तो आज उपयोगी ठरतो, एवढेंच म्हणावें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं बाडांतील दुधाच्या प्रयोगाची नोंद करतांना चार गोष्टी पाहाव्या : दूध कोणत्या पशूचें, तापविलेलें कीं धारोष्ण, बरोबर औषध कोणतें, आणि प्रमाण व मुदत किती. यांपैकीं जें मुळांत असेल तें जसेंच्या तसें उतरावें. जें नसेल तेथें 'उल्लेख नाहीं' असें लिहावें. 'दुग्धकल्प' हें नांव मुळांत असल्यावांचून आपण देऊं नये. वर सांगितलेली यादी आम्हीं दुरुस्त करून परत पाठविली आहे. तींतील 'कच्च्या' हा शब्द काढला व पुढें 'अवस्थेचा उल्लेख नाहीं' असा शेरा घातला. यानें नोंदीचें आकर्षण कमी झालें असेल. पण आतां ती नोंद त्या पानाची आहे.