दीर्घिकांची ‘टक्कर’ : एका शब्दाची चिकित्सा

दीर्घिकांच्या दाट समूहांविषयी मराठीत लिहिताना ‘टक्कर’ हा शब्द सर्रास योजिला जातो. वऱ्हाडातील वाचकास त्यावरून लोणार आठवावे, हे स्वाभाविकच आहे : अशनी आदळला, बेसॉल्ट फुटला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. दीर्घिकांत तसे घडत नाही. ताऱ्यांमधील अंतरे इतकी अफाट असतात की ते बहुधा परस्परांस न शिवता पार होतात. आदळतो तो वायू. १८७७ साली आढळलेल्या ‘स्तेफाँच्या पंचका’त (त्यांतील एक दीर्घिका वस्तुतः आपल्या पुष्कळ जवळची, समूह चौघींचाच) एक दीर्घिका सेकंदास सुमारे हजार किलोमीटर वेगाने समूहातील वायूत घुसत आहे. तेथील आघाततरंगात क्ष-किरण देणारा तप्त वायू आहे. आणि स्पिट्झर दुर्बिणीच्या २००६ मधील निरीक्षणांनुसार तेथेच रेणुरूप हायड्रोजनही विपुल आहे! केवळ गुरुत्वाकर्षण मोजणारे संगणकीय प्रतिरूप ताऱ्यांच्या लांब शेपट्या रेखील. हा वायू मात्र त्यातून निसटेल. त्याकरिता दाब, तापणे व निवणे यांची समीकरणे हवीत. ‘दीर्घिका’ म्हणजे मुळात लांबट तळे. ती संज्ञा येथे शोभते. ‘टक्कर’ मात्र ताऱ्यांपुरती सोडावी, आणि वायूकरिता ‘आघात’ म्हणावे, असे आमचे मत आहे.