खोक्याच्या पाठीवरचा आकडा

मंडळी, १९९८ साल म्हणजे ‘हाफ-लाइफ’चं, ‘स्टारक्राफ्ट’चं. आम्ही दोस्तांनी मात्र पुन्हा खेळायला घेतला तो हिदेओ कोजिमाचा ‘मेटल गिअर सॉलिड’, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. त्याविषयीच बोलू.

यात मेरिलशी रेडिओवर बोलायचं असतं. फ्रिक्वेन्सी? सीडीच्या खोक्यामागं बघा, म्हणतात. तिथल्या छोट्या चित्रात छापलंय: १४०.१५! पुढं सायको मँटिस भेटतो. तो मेमरी कार्ड वाचून तुम्ही कोनामीचे कुठले खेळ खेळलात ते सांगतो, तुमची प्रत्येक हालचाल आधीच हेरतो. त्याला चकवायचं कसं? कंट्रोलर उपसून दुसऱ्या पोर्टात खोचायचा. खेळ असा पडद्यातून बाहेर येतो, थेट आपल्या हातात.

आता, जुनं ते सोनं असं आम्ही म्हणत नाही. चेहऱ्यांना धड डोळे नाहीत. शेवटाकडं एकच किल्ली आधी गार करायची, मग तापवायची. त्यासाठीची ये-जा आजही कंटाळवाणीच.

पण खरा प्रश्न निराळा आहे. डाउनलोड केलेल्या प्रतीला पाठ कुठून आणायची? आमच्यातल्या नवख्या खेळाडूकडं खोकंच नव्हतं. आम्ही तो आकडा सांगितला, खेळ पुढं सरकला. पण शोधण्यातली गंमत गेली ती गेलीच.

म्हणून म्हणतो, जुने खेळ जपणाऱ्यांनी फाइलीबरोबर खोकंही जपावं. इथं तो पुठ्ठाही खेळाचाच भाग आहे.